रायझन ५६००: क्लॉक बांधायचा, पीबीओ लावायचं, की आहे तसाच ठेवायचा?

एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा ५६००एक्स प्रोसेसर घरात असेल आणि तो अजून थोडा पळेल का, असा विचार चालू असेल, तर वाटा तीन आहेत. पहिली जुनी आणि सरधोपट: सगळे कोअर एकाच वेगाला, एकाच व्होल्टेजवर बांधून टाकायचे. दुसरी पीबीओ, म्हणजे प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, आणि सोबत कर्व्ह ऑप्टिमायझर. तिसरी वाट म्हणजे प्रोसेसरला हातच लावायचा नाही, फक्त रॅमचं एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगाला चालवणारं सेटिंग) चालू करायचं. पहिल्यांदाच करणाऱ्याने दुसरी धरावी. पहिली वाट वाईट नाही, पण ती मोजक्याच लोकांच्या कामाची आहे.

आधी मदरबोर्ड पाहा. बी४५०, बी५५०, एक्स४७० किंवा एक्स५७० असेल तर पुढे वाचा. ए३२० आणि ए५२० वर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग नाही, तिथे तिसरी वाट आपोआप ठरली. ५८००एक्स३डीचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) कंपनीनेच बंद ठेवलाय, त्यामुळे पहिली वाट त्याच्यासाठी नाहीच. इंटेलकडे हा खेळ के अक्षराचा प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड असल्याशिवाय जमत नाही.

बांधलेला क्लॉक

बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगच्या पानांवर, सीपीयू रेशो ४४.५० (म्हणजे ४.४५ गिगाहर्ट्झ), व्होल्टेज १.२५, सेव्ह, रीस्टार्ट. दिसायला सोपं. पहिली चूक इथेच होते: रेशो हाताने टाकला जातो आणि व्होल्टेज ऑटोवर राहतं. मग बोर्ड आपल्या मनाने गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देऊ शकतो.

दुसरी चूक जास्त महाग पडते. काहीही न बदललेल्या मशीनवर एचडब्ल्यूइन्फोमध्ये (वेग, व्होल्टेज, तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) १.४५ व्होल्ट दिसतात. ते पाहून वाटतं, कंपनीच एवढं देते, मग आपणही देऊ. पण तो आकडा हलक्या कामातला असतो. एखाद-दुसरा कोअर क्षणभर उडी मारतो, करंट कमी असतो. तेच १.४५ व्होल्ट सहाही कोअरवर पूर्ण लोडमध्ये कायम दिले, तर चिप हळूहळू झिजते आणि काही महिन्यांनी जुन्या सेटिंगवर हँग व्हायला लागते. लोडखाली १.३० च्या वर जाऊ नका. पहिल्या प्रयत्नात १.२५ पुरे. लोड-लाइन कॅलिब्रेशन, म्हणजे लोड आल्यावर व्होल्टेज किती घसरू द्यायचं ते सेटिंग, मधल्या पायरीवर ठेवा. ते सगळ्यात कडक केलं, तर लोड सुटताना व्होल्टेज क्षणभर ठरवल्यापेक्षा वर उसळतं.

आता हिशोब. वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ४.४ वरून ४.६ गिगाहर्ट्झ गाठायला व्होल्टेज १.२० वरून १.३० करावं लागलं, तर वेग साडेचार टक्के वाढतो आणि वीज जवळपास २३ टक्के. शिवाय क्लॉक बांधला की बूस्ट, म्हणजे प्रोसेसरने आपणहून वेग वाढवणं, बंद. ५६००एक्स हलक्या कामात एरवी ४.६ पर्यंत जातो. तो ४.५ ला बांधलात, तर ब्राउझर आणि एका कोअरवर अडणारे गेम उलट किंचित मंदावतात. पैसे देऊन नुकसान विकत घ्यायचं ते हे. दिवसभर ब्लेंडर रेंडर किंवा व्हिडिओ एन्कोडिंग चालत असेल आणि कूलर दमदार असेल, तरच ही वाट.

पीबीओ आणि कर्व्ह ऑप्टिमायझर

इथे प्रोसेसरची स्वतःची अक्कल शाबूत राहते. तापमान, वीज, करंट बघून तोच वेग ठरवतो, आपण फक्त मर्यादा आणि व्होल्टेजची रेघ हलवतो. मूळ मर्यादा पीपीटी (एकूण वीज) ७६ वॉट, टीडीसी (सततचा करंट) ६० अँपिअर, ईडीसी (क्षणभराचा करंट) ९० अँपिअर. डब्यातला रेथ स्टेल्थ कूलर असेल, तर या आकड्यांना हात लावू नका. १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर असेल, तर १००, ७५, ११० इथून सुरुवात करा. मर्यादांच्या जागी ‘मदरबोर्ड’ हा पर्याय निवडणं म्हणजे लगाम सोडून देणं. पीबीओमधलं ‘स्केलर’ हे सेटिंग ऑटोवरच राहू द्या.

खरी कमाई कर्व्ह ऑप्टिमायझरची. तो ‘निगेटिव्ह’ केला की प्रत्येक अंकामागे अंदाजे ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी होतात, जास्तीत जास्त ३० अंक. व्होल्टेज कमी म्हणजे उष्णता कमी, आणि वाचलेल्या वॉटमध्ये प्रोसेसर आपणहून वर चढतो. म्हणूनच मूळ ७६ वॉटमध्ये, डब्यातल्या कूलरवरही याचा फायदा मिळतो. सगळ्या कोअरना सारखंच उणे १० देऊन सुरुवात करा. टिकलं तर १५, मग २०. पुढे कोअरगणिक वेगळे आकडे. एचडब्ल्यूइन्फो जे दोन कोअर सर्वोत्तम म्हणून दाखवतो, त्यांना सगळ्यात कमी सूट द्या, उणे ५ ते १०. ते आधीच काठावर, सर्वात वरच्या वेगाला धावत असतात. बाकीचे चार बहुधा २० पर्यंत सोसतात. कमाल बूस्टमध्ये वाढ शेवटी, ५० मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी. २०० पर्यंत जागा असते, पण तिथवर जायलाच हवं असं नाही.

नवखे फसतात ते चाचणीत. सिनेबेंच आर२३ ही रेंडरची चाचणी दहा मिनिटं चालली म्हणून सेटिंग पक्कं झालं, असं समजू नका. त्यातून उष्णता कळते, एवढंच. कर्व्ह ऑप्टिमायझरचा बिघाड निवांतपणी उघडा पडतो: मशीन रिकामं, एखादं टॅब उघडलं आणि काळा पडदा, रीस्टार्ट. कारण एकट्या कोअरची सर्वात उंच उडी तेव्हाच असते. म्हणून कोअरसायकलर वापरा. तो प्राइम९५ ही ताणाची चाचणी एकेका कोअरवर फिरवतो, रात्रभर चालू ठेवा. तरीही रीस्टार्ट झालं, तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरची (WHEA-Logger) १८ क्रमांकाची नोंद शोधा. तिथला एपीआयसी आयडी ० किंवा १ असेल तर कोअर ०, २ किंवा ३ असेल तर कोअर १. त्या एका कोअरचे पाच अंक परत द्या (उणे २० चे उणे १५), सगळं सेटिंग पुसू नका.

क्लॉक दिसतो ४.६ पण स्कोअर घसरलाय, असंही होतं. तेव्हा एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ बघा. व्होल्टेज अपुरं पडलं की चिप दाखवते एक आणि धावते त्याहून मंद.

उन्हाळा

पंख्याचा कूलर खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. जानेवारीत २५ अंशांची खोली विदर्भात मे महिन्यात ३८ वर गेली, तर त्याच लोडला प्रोसेसरही साधारण १३ अंशांनी वर जातो. ५६०० ची कमाल मर्यादा ९० अंश, ५६००एक्सची ९५. पीबीओ अशा वेळी आपणच वेग उतरवतो. बांधलेला क्लॉक मर्यादेला टेकेपर्यंत हटून बसतो, आणि हिवाळ्यात पक्कं वाटलेलं सेटिंग दुपारी रेंडरच्या मध्यात कोसळतं. पूर्ण लोडला ८० ते ८५ च्या आत राहील, असं सेटिंग मे महिन्यासाठी ठरवा.

हात न लावणं

डीडीआर४-३६०० ची रॅम एक्सएमपी न लावता २१३३ किंवा २६६६ वर चालणारी मशीन कितीतरी आहेत. हा एक पर्याय चालू करणं अनेकदा पीबीओपेक्षा जास्त देऊन जातं. रॅमची एकच पट्टी असेल, तर आधी तशीच दुसरी घ्या, ओव्हरक्लॉक नंतर. आणि गेम १४४० पिक्सेलवर ग्राफिक्स कार्डापाशीच अडत असेल, तर प्रोसेसरमधून काढलेले दोन-चार टक्के दिसणारही नाहीत.

वॉरंटीचं गणितही इथे येतं. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान एएमडी भरून देत नाही, आणि पीबीओही त्यातच मोडतं.

दुसरी वाट धरणार असाल तर महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घ्या, बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. बायोस अपडेट करायचा झाला तर यूपीएसवरच, आणि त्यानंतर सगळी सेटिंग पुन्हा भरावी लागतात. मशीन चालूच होईना, तर पॉवर सप्लायचा स्विच बंद करून वायर काढा आणि बोर्डवरच्या क्लिअर सीमॉसच्या (बायोस मूळ सेटिंगवर आणणाऱ्या) दोन पिना स्क्रूड्रायव्हरने दहा सेकंद जोडून धरा. पिना सापडल्या नाहीत, तर सीआर२०३२ चा सेल पाच मिनिटं काढून ठेवा. एक्सएमपी आणि कर्व्ह ऑप्टिमायझर एकाच दिवशी बदलू नका. कर्व्ह शून्यावर आणूनही ब्लू स्क्रीन येत असेल, तर आधी एक्सएमपी बंद करून बघा, दोष बहुधा रॅमकडे निघतो.