एसएमपीएस टेस्टर, डिबग कार्ड आणि मल्टीमीटर: बंद डेस्कटॉपवर आठ महिन्यांचा वापर

बटण दाबलं तरी चालू न होणारा जुना डेस्कटॉप तपासायला लोक हमखास तीन वस्तू घेतात: एलसीडीवाला एसएमपीएस (पॉवर सप्लाय) टेस्टर, चार आकडी डिबग कार्ड (मशीन सुरू होताना कुठल्या पायरीवर आहे त्याचा कोड दाखवणारं) आणि पिवळा किंवा लाल स्वस्तातला मल्टीमीटर. तिन्ही बिनब्रँडच्या, पुण्यात तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात तशा. गेले आठ महिने त्या इंटेलच्या जी३१, जी४१ आणि एच६१ चिपसेटच्या (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांच्या) मशिनींवर वापरात आहेत. यातली सगळ्यात देखणी वस्तू टेस्टर, आणि नेमका तोच सगळ्यात जास्त फसवतो.

टेस्टर वापरायला काहीच अक्कल लागत नाही. एसएमपीएसचा २४ पिनचा कनेक्टर मदरबोर्डमधून काढून टेस्टरमध्ये खोचायचा (२० पिनचाही चालतो, खाच जुळली की झालं), मागे केबल लावून स्विच ऑन. आकडे येतात. १२ व्होल्टच्या घरात ११.४ ते १२.६, ५ व्होल्टच्या घरात ४.७५ ते ५.२५, ३.३ च्या घरात ३.१४ ते ३.४७ एवढं चालतं. पीजी म्हणजे पॉवर गुड, ‘सगळे व्होल्टेज ठीक आहेत’ असं एसएमपीएस बोर्डाला कळवतो तो सिग्नल. तो १०० ते ५०० मिलीसेकंदांत यायला हवा. प्रोसेसरचा ४ पिनचा कनेक्टर जोडला नसेल तर दुसऱ्या १२ व्होल्टच्या घरात ‘एलएल’ (व्होल्टेज नाही किंवा फार कमी) दिसतं आणि नवखा माणूस चांगला एसएमपीएस भंगारात काढतो. तो कनेक्टर जोडून परत बघायचं.

पूर्ण मेलेला एसएमपीएस, पीजी न देणारा एसएमपीएस, ५ व्होल्ट स्टँडबाय (मशीन बंद असतानाही चालू राहणारी लाईन) पडलेला एसएमपीएस हे टेस्टर बरोबर पकडतो. दमलेला मात्र पकडत नाही. टेस्टर एसएमपीएसवर लोड टाकतो तो नावापुरता. आतले कपॅसिटर सुकलेले असले तरी एवढ्याशा लोडला व्होल्टेज जागेवर राहतं. टेस्टरवर १२.१ दाखवणारा एसएमपीएस बोर्डाला जोडून मोजला की पिवळी वायर ११.२ वर आलेली असते, असं अनेकदा होतं. म्हणून टेस्टरने नापास केलेला एसएमपीएस नापास समजावा. पास केलेल्याबद्दल काहीच समजू नये.

हे ओझ्याखालचं मोजमाप साधा मीटर करतो. नॉब डीसी २० व्होल्टवर. काळा प्रोब कॅबिनेटच्या बिनरंगाच्या पत्र्याला किंवा काळ्या वायरला, लाल प्रोब २४ पिनच्या कनेक्टरच्या मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने आत सरकवायचा. कनेक्टर बोर्डावरच राहू द्यायचा. आधी जांभळी, स्टँडबायची वायर: मशीन बंद, पण प्लग चालू असताना इथे ५ व्होल्ट हवेच. नसतील तर पुढचं सगळं थांबवा, दोष एसएमपीएसमध्ये आहे किंवा बोर्ड ती लाईन शॉर्ट करतोय. कनेक्टर काढून परत मोजलं की कळतं. मग हिरवी, एसएमपीएसला चालू हो सांगणारी: बटण दाबण्याआधी तिथे साधारण ३ ते ५ व्होल्ट दिसतात आणि दाबल्यावर ते शून्याजवळ यायला हवेत. बटण दाबूनही हिरवी वर राहिली तर कॅबिनेटचं बटण किंवा बोर्ड. बटणाचा संशय दूर करायला त्याची दोन पिनची वायर काढून त्या पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडायच्या. हिरवी खाली आली पण पंखा फिरला नाही तर एसएमपीएस, नाहीतर पुढे कुठेतरी शॉर्ट. शेवटी करडी, म्हणजे पीजीची: मशीन चालू झाल्यावर तिथे ५ व्होल्टच्या आसपास टिकले पाहिजेत. पंखे फिरतात, डिस्प्ले नाही आणि करडी शून्यावर, म्हणजे बोर्ड कायम रीसेटमध्ये अडकलेला. रॅम बदलून काही होणार नाही.

मीटरची एक खोड मात्र महागात पडते. आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की हे स्वस्त मीटर रीडिंग कमी नाही, वाढवून दाखवतात. १२ ची लाईन १३.४ दिसायला लागली की एसएमपीएसवर आळ घेण्याआधी नव्या सीमॉस सेलवर (मदरबोर्डवर असतो तो नाण्यासारखा सीआर२०३२) मीटर लावून बघा. ३.२-३.३ च्या जागी ३.७ दिसले तर बॅटरी बदलायची वेळ झाली.

पंखा अर्धा फेरा घेऊन थांबतो, ही तक्रार सगळ्यात जास्त येते. एसएमपीएसचं संरक्षण जागं होतं म्हणून तसं घडतं. प्रोसेसरचा ४ पिनचा कनेक्टर काढून बटण दाबा. आता पंखे फिरत राहिले तर शॉर्ट प्रोसेसरच्या पॉवर सेक्शनमध्ये आहे, बहुधा एखादा मॉस्फेट (स्विचसारखं काम करणारा ट्रान्झिस्टर) गेलेला. तरीही थांबतच असेल तर हार्डडिस्क, डीव्हीडी, ग्राफिक्स कार्ड, पुढचे यूएसबी एकेक करून काढत जा. पुढच्या यूएसबीतली वाकून एकमेकींना टेकलेली पिन हे कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं. आणि थंडीत सकाळी चारपाचदा दाबल्यावर सुरू होणारं, मग दिवसभर बिनतक्रार चालणारं मशीन दिसलं तर स्टँडबाय सर्किटमधला छोटा कपॅसिटर सुकलाय असं समजा. तो पाच-दहा रुपयांचा असतो, पण एसएमपीएसच्या आत मोठ्या कपॅसिटरवर ३२० व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला राहतो. सोल्डरिंगची सवय नसेल तर उघडू नये, सरळ बदलावा.

डिबग कार्डाबद्दल मत बोर्डागणिक बदलतं. जी३१, जी४१ वर ते छान चालतं, कारण तिथे पीसीआय (हे कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसतं तो) चिपसेटमधूनच येतो. एच६१ च्या चिपसेटमध्ये पीसीआय नाहीच. बोर्डावर स्लॉट दिसला तरी तो वेगळ्या ब्रिज चिपमधून काढलेला असतो आणि कोड बऱ्याचदा तिथवर पोचत नाहीत. कार्डावर चार रेघा दिसल्या म्हणून बोर्ड मेला असं ठरवू नका.

चार आकड्यांतले दोन आत्ताच्या कोडचे, दोन त्याआधीच्या. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) ‘सी१’ वर अडकलं तर रॅम. ‘एफएफ’ बघताना आकडे आधी पळाले का ते महत्त्वाचं: पळत पळत ‘एफएफ’वर आले तर बोर्डाने आपलं काम संपवून हार्डडिस्ककडे सूत्रं दिली, मग डिस्प्लेची केबल बघा, पहिल्या क्षणापासून ‘एफएफ’ किंवा ‘००’ गोठलेलं असेल तर प्रोसेसर एकही सूचना चालवत नाहीये. कोडांपेक्षा कार्डावरचे दिवे जास्त खरं बोलतात. ‘आरएसटी’चा (रीसेटचा) दिवा बटण दाबल्यावर क्षणभर लागून विझायला हवा. कायम पेटलेला राहिला तर वर सांगितलेली करडी वायर मोजा. ३.३ व्होल्टचा दिवा मात्र काही जुन्या बोर्डांवर लागतच नाही, तो दोष नव्हे.

कार्ड लावण्याआधी, काहीही विकत घेण्याआधी, रॅम काढून पुसा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात दोन महिने बंद राहिलेल्या मशीनमध्ये सोनेरी पट्ट्यांवर मळकट थर चढतो. पांढरा खोडरबर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवायचा, कीस झटकायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसायचं. स्लॉटमध्ये रबर घालायचा नाही, तिथे जुना कोरडा दातांचा ब्रश. एकच रॅम, एकच स्लॉट, बाकी सगळं बाहेर. ‘नो डिस्प्ले’च्या बऱ्याच तक्रारी इथेच संपतात. सोबत सीआर२०३२ सेल मोजा, २.७ च्या खाली गेला असेल तर बदला, आणि केबल काढून सीमॉसचा जंपर १-२ वरून २-३ वर दहा सेकंद ठेवून परत आणा. जंपर २-३ वर विसरला तर चांगलं मशीनही चालू होणार नाही.

किमती दुकानागणिक बदलतात, तरी टेस्टरच्या पैशात एक बरा मीटर, कार्ड आणि वर ४ पिनचा बझर येतो. हा बझर, म्हणजे कॅबिनेटचा छोटा स्पीकर, हल्ली सोबत मिळतच नाही. किंमत चहा-वड्याएवढी. बोर्डावर ‘स्पीकर’ लिहिलेल्या चार पिनांवर लावा, सगळी रॅम काढा आणि बटण दाबा. लांब बीप पुन्हापुन्हा वाजले तर प्रोसेसर, बायोस आणि एसएमपीएस निदान बोलण्याइतके जिवंत आहेत. काहीच वाजलं नाही तर मीटर घेऊन जांभळ्या वायरपासून सुरुवात.