लेकराच्या स्मरणशक्तीसाठी काय निवडावं: कार्डं, मोबाईल, थेंब की रोजचं न्हाणं?

लातूर म्हणजे शिकवण्यांचं गाव. इथं लेकरू पालथं पडायच्या आत त्याच्या स्मरणशक्तीची काळजी सुरू होते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीला भेटायला येणारे सल्ला घेऊनच येतात. एक म्हणते फ्लॅशकार्डं आण, दुसरी म्हणते मोबाईलवर गाणी लाव, तिसरी पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशनाचे थेंब पाजायला सांगते. आजीचं मात्र एकच, "न्हाऊ-माखू घाल अन् झोपू दे." माझं मत आधीच सांगते: पारडं आजीचं जड आहे, तिची सगळी कारणं बरोबर नसली तरी.

फ्लॅशकार्ड आणि न्हाणं शेजारी ठेवून बघा. कार्डात हत्ती दिसतो, दोन सेकंदांत जातो, मग जिराफ. त्या हत्तीचा लेकराच्या दिवसाशी काही संबंध नाही. न्हाणं रोज त्याच क्रमानं होतं: तेलाची वाटी वाजते, आजीचे लांब केलेले पाय, कोमट पाणी, तेच गुणगुणणं, मग पंचा आणि दूध. काही आठवड्यांनी वाटी वाजली की लेकरू हातपाय झाडायला लागतं. पुढं काय येणार हे त्याला ठाऊक झालेलं असतं. तान्हेपणीची स्मरणशक्ती दिसते ती अशी.

हे नुसतं घरगुती निरीक्षण नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोवी-कॉलियर यांनी बाळाच्या पायाला फीत बांधून ती पाळण्यावरच्या खेळण्याला जोडली. पाय झाडला की खेळणं हलायचं. तीन महिन्यांच्या बाळांना ही युक्ती साधारण आठवडाभर लक्षात राहिली, सहा महिन्यांच्यांना सुमारे दोन आठवडे. मधे नुसतं हलतं खेळणं दाखवलं तरी विसरलेलं परत यायचं. पण पाळण्याभोवतीचं कापड बदललं तर सहा महिन्यांच्या बाळांनाही ओळख पटेना. एवढ्या लहानपणी आठवण जागेला चिकटलेली असते.

आपल्याकडं याचा उपयोग आहे. लेक चार-पाच महिन्यांची ओली बाळंतीण म्हणून सासरी निघते तेव्हा लेकराचं घर, माणसं, पाळणा सगळं एकदम बदलतं. तीच गोधडी सोबत द्या, झोपवतानाचं गाणं तेच ठेवा, न्हाण्याची वेळ फार हलवू नका. ऊसतोडीला निघालेल्या बीडकडच्या मायलाही हे जमतं. कोपी नवी असली तरी झोळीचं लुगडं जुनंच असतं.

न्हाणं झालं की लेकरू दोन घटका निजतं, त्यालाही मोल आहे. सहा आणि बारा महिन्यांच्या बाळांवरच्या एका जर्मन अभ्यासात, काही नवीन बघितल्यावर चार तासांच्या आत किमान अर्धा तास झोपलेल्यांनाच ते नंतर आठवलं. म्हणून पाहुणे आले म्हणून निजलेलं लेकरू उठवू नका. आजीची धुरी मात्र बंद, धूर लेकराच्या छातीला बाधतो. नाकाकानात तेलही नको.

मोबाईलवर फार वेळ घालवत नाही. जागतिक आरोग्य संघटना वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको म्हणते. नऊ महिन्यांच्या बाळांना परकी भाषा ऐकवून पाहिली, तेव्हा समोर बसलेल्या माणसाकडून त्यांनी आवाज उचलले, व्हिडिओतून नाही. आजोबांशी व्हिडिओ कॉल चालेल.

राहिले थेंब. सुवर्णप्राशनात बहुधा मध असतो, आणि वर्षाच्या आत मध द्यायचा नाही. त्यातून क्वचित पण जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. घुटीचंही तेच, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको. थेंबच पाजायचे असतील तर सहा महिन्यांनंतर आशाताईंकडचं लोहाचं सिरप पाजा, १ मिली, आठवड्यातून दोनदा. ते फुकट मिळतं म्हणून लोक त्याला किंमत देत नाहीत, हे दुर्दैव. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के लेकरं रक्तक्षयी निघाली, आणि लोहाची कमतरता मेंदूच्या वाढीला अन् आठवणीला थेट मारते. सोबत डाळीचं वरचं पाणी नको, घट्ट वरण-भात कुस्करून, पालेभाजी, घरात चालत असेल तर अंडं.

कार्डं आणलीच असतील तर फेकू नका. नऊ-दहा महिन्यांनी गाईचं कार्ड काढा आणि दारातली गाय दाखवा. दोन्हींत खरी कामाची गाय कोणती, ते लेकरूच दाखवेल.

आणि नऊ महिने झाले तरी नावानं हाक मारल्यावर वळत नसेल, रोजच्या माणसाला ओळखून हसत नसेल, किंवा आधी करायचं ते करेनासं झालं असेल, तर यातलं काहीच निवडत बसू नका. आधी कान तपासून घ्या. अंगणवाडीताईंना सांगितलं तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयात पाठवतात, पैसे लागत नाहीत.