वाक्प्रचार आणि फ्रेजल व्हर्बसाठी केंब्रिज डिक्शनरी: कुठे भरवशाची, कुठे अपुरी

इंग्रजी बोलण्यातले वाक्प्रचार अडले की केंब्रिजची ऑनलाइन डिक्शनरी आधी उघडावी. ती फुकट आहे आणि नुसता अर्थ देऊन थांबत नाही. 'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणं, हे कुठेही सापडेल. इथे सोबत 'इन्फॉर्मल' अशी खूण असते. ती न वाचता हाच वाक्प्रचार ऑफिसच्या अहवालात घातला, तर अर्थ बरोबर असूनही खटकतो. 'यूके' आणि 'यूएस' या खुणा तर डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात. प्रस्ताव 'टेबल' करायचा म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेला मांडायचा, अमेरिकेत त्यावरची चर्चा लांबणीवर टाकायची!

फ्रेजल व्हर्ब म्हणजे 'अप', 'आफ्टर' असा छोटा शब्द जोडून बनलेलं क्रियापद. त्यांच्या नोंदी हे या डिक्शनरीचं खरं बळ. शीर्षक नीट वाचा: 'लुक समथिंग अप' मध्ये 'समथिंग' मधे बसलंय, 'लुक आफ्टर समवन' मध्ये 'समवन' शेवटी आहे. कर्म कुठे येतं ते तिथेच कळतं. पहिल्या प्रकारात नाम दोन्हीकडे चालतं, म्हणजे 'लुक द वर्ड अप' आणि 'लुक अप द वर्ड' दोन्ही बरोबर. सर्वनाम मात्र मधेच हवं: 'लुक इट अप'. 'लुक अप इट' ही चूक भल्याभल्यांकडून होते. दुसऱ्या प्रकारात क्रियापद आणि 'आफ्टर' यांच्यामध्ये 'हर' घुसवता येत नाही.

शोधताना ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं टाकू नका. 'ही वॉज पुलिंग माय लेग' मधलं क्रियापद मूळ रूपात आणा, 'माय'च्या जागी 'समवन्स' घाला, आणि 'पुल समवन्स लेग' शोधा. तरी नाही मिळालं, तर 'लेग' उघडून खाली दिलेले वाक्प्रचार चाळा.

नवी स्लँग इथे उशिरा येते. तेव्हा लोक १९९९ पासून चालू असलेल्या अर्बन डिक्शनरीकडे वळतात. तिथे कोणीही अर्थ लिहितो, त्यामुळे थट्टा आणि अश्लीलता भरपूर. मतांच्या आकड्यावर जाऊ नका, गमतीदार व्याख्येलाही अंगठे मिळतात. व्याख्येखालची तारीख पाहा. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी तोच अर्थ दिला असेल तरच तो धरून चाला.

केंब्रिजची मोठी उणीव म्हणजे बोलण्याचा सूर. 'दॅट्स ग्रेट' हे कौतुक आहे की वैताग, हे कुठल्याच नोंदीतून कळत नाही. त्यासाठी यूग्लिश वापरा. शब्दसमूह टाकला की यूट्यूबवरच्या व्हिडिओतली नेमकी तीच जागा वाजते. ब्रिटिश, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन असे उच्चारही निवडता येतात. फक्त तेवढाच तुकडा ऐकून अर्थ ठरवू नका. थोडं मागे जाऊन आधीची दोन-तीन वाक्यं ऐका, कारण शोधात वाक्प्रचाराबरोबर त्याच शब्दांचे शब्दशः वापरही येतात.