साध्या प्रोग्रॅमवरच डीबगर अडला, तर जीडीबी दुरुस्त करावा की एलएलडीबी घ्यावा?

कोल्हापुरातील राजारामपुरीत सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणारी एक विद्यार्थिनी मध्यंतरी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. पाच संख्यांची बेरीज करणारा तिचा बारा ओळींचा प्रोग्रॅम एरवी नीट चालत होता, पण जीडीबी या डीबगरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम ओळीओळीने थांबवून तपासण्याच्या साधनात, सातव्या ओळीवर ब्रेकपॉइंट (थांबण्याची खूण) लावला की 'नो सिम्बॉल टेबल इज लोडेड' एवढेच उत्तर मिळत होते. तोच प्रोग्रॅम तिने तीनदा पुन्हा लिहून पाहिला होता, आणि आता जीडीबी सोडून एलएलडीबी हा दुसरा डीबगर घ्यावा का, असे ती विचारत होती.

तिची अडचण डीबगर बदलून सुटली नसती. कंपाइल करताना, म्हणजे कोडपासून चालणारी फाइल तयार करताना, 'हायफन जी' हा पर्याय दिला नाही, तर ओळींचे क्रमांक आणि स्थानिक व्हेरिएबलची नावे तयार फाइलमध्ये जातच नाहीत, मग ती वाचणारे साधन कोणतेही असो. 'हायफन ओ टू' हा कोड वेगवान करणारा पर्यायही दिलेला असेल, तर ब्रेकपॉइंट लागतो खरा, पण व्हेरिएबलच्या जागी 'ऑप्टिमाइझ्ड आउट' दिसते आणि पुढची ओळ म्हणून भलतीच ओळ समोर येते. म्हणून निवड करण्यापूर्वी 'हायफन जी' आणि 'हायफन ओ झीरो' (वेगासाठीचे बदल बंद ठेवणारा पर्याय) देऊन एकदा नव्याने कंपाइल करावे.

एवढे करूनही डीबगर अडत असेल, तर दोष बहुधा कंपायलर आणि डीबगर यांच्या जोडीत असतो, आणि येथे दोन्ही पर्यायांतला फरक खरोखर जाणवतो. लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर ओळींची आणि व्हेरिएबलची ही माहिती ड्वॉर्फ नावाच्या स्वरूपात लिहितो. या स्वरूपाची पाचवी आवृत्ती २०१७ साली प्रसिद्ध झाली आणि २०२१ मधील जीसीसी ११ पासून बहुतेक प्लॅटफॉर्मवर तीच आपोआप वापरली जाऊ लागली. प्रयोगशाळेतील संगणकावर उबुंटू १६.०४ या लिनक्स आवृत्तीसोबतचा जीडीबी ७.११ तसाच राहिला आणि कंपायलर मात्र नवा बसवला, तर पाच ओळींच्या प्रोग्रॅमवरही 'ड्वॉर्फ एरर' येते. त्यावर माहिती चौथ्या आवृत्तीत लिहायला लावणारा 'हायफन जी ड्वॉर्फ हायफन फोर' हा पर्याय तात्पुरता आणि नवा जीडीबी हा कायमचा उपाय आहे. केवळ एवढ्यासाठी लिनक्सवर एलएलडीबीकडे जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. क्लँग हा कंपायलर वापरणाऱ्याला मात्र एलएलडीबी अधिक सोयीचा, कारण दोन्ही एलएलव्हीएम या एकाच प्रकल्पातून येतात.

विंडोजवर आधी कंपायलर पाहावा. मिनजीडब्ल्यू या विंडोजसाठीच्या संचातला जीसीसी असेल, तर जीडीबी घ्यावा. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर ही माहिती पीडीबी नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो आणि जीडीबीला ती वाचता येत नाही, म्हणून तेथे व्हिज्युअल स्टुडिओचाच डीबगर बरा. एलएलडीबी पीडीबी वाचतो, पण विंडोजवरील त्याच्या अधिकृत तयार प्रतीला ठरावीक आवृत्तीचे पायथन लागते आणि ते नसेल तर तो सुरूच होत नाही. नवख्याला हा त्रास नको. आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास आढळते, ती म्हणजे 'सराव' असे देवनागरी नाव दिलेला फोल्डर. फाइलच्या अशा मार्गावर (पाथवर) मिनजीडब्ल्यूचा जीडीबी अनेकदा फाइल सापडत नाही म्हणून थांबतो. मार्गात फक्त रोमन अक्षरे ठेवावीत, मोकळ्या जागाही टाळाव्यात.

मॅकवर निर्णय सोपा आहे. तेथे जीडीबीला कोड साइनिंगचे, म्हणजे डिजिटल सही करण्याचे, सोपस्कार करावे लागतात. ते राहिले तर साधा प्रोग्रॅमही सुरू होत नाही. एलएलडीबी ॲपलच्या कमांड लाइन टूल्ससोबतच येतो, तोच वापरावा.

आधीच चालू असलेल्या प्रोग्रॅमला डीबगर जोडताना उबुंटूवर 'ऑपरेशन नॉट परमिटेड' आले, तर दोन्ही डीबगर सारखेच अडतील. ते बंधन कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, 'पीट्रेस स्कोप' या सेटिंगचे असते. प्रोग्रॅम डीबगरमधूनच सुरू करावा. ती अडचण राहत नाही.

शिवाजी उद्यमनगर किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांसाठी कंट्रोल कार्डांवर काम करायचे असेल, तर मात्र जीडीबीच शिकावा. एआरएम मायक्रोकंट्रोलरवरचा, म्हणजे कार्डावरच्या छोट्या संगणक-चिपवरचा, प्रोग्रॅम तपासताना चिप आणि डीबगर यांना जोडणारा ओपनओसीडी हा प्रोग्रॅम सहसा ३३३३ या पोर्टवर जीडीबीचीच वाट पाहत असतो. त्या विद्यार्थिनीला हेच काम करायचे होते, म्हणून तिच्या लॅपटॉपवर जीडीबी ठेवला आणि कंपाइलच्या आज्ञेत 'हायफन जी' घातला. सातव्या ओळीवर प्रोग्रॅम थांबला, आणि बेरजेचे व्हेरिएबल प्रत्येक फेरीला वाढताना तिने पहिल्यांदा पाहिले.