बारा इंची बिडाचा तवा: बर्गरसाठी घेतला, त्याचा काही महिन्यांचा अनुभव

न्यू जर्सीत राहायला आल्यापासून चांगल्या बर्गरच्या मागे आहे. न्यू हेवनच्या ‘लुईज लंच’ला जाऊन आलो. तिथे १८९८ सालच्या उभ्या बिडाच्या शेगड्यांत मांस दोन्ही बाजूंनी एकदम भाजतात, पावाऐवजी टोस्टमध्ये देतात आणि केचप मागितलंत तरी मिळत नाही. मॅनहॅटनमध्ये मॅडिसन स्क्वेअर पार्कात ‘शेक शॅक’च्या रांगेतही उभा राहिलो. मधल्या काळात ट्रफलचं तेल, वर अंडं, मध्ये काडी खुपसून उभे केलेले मनोरेही खाऊन झाले. मनोऱ्यांनी एकजात निराशा केली. एका घासात पाव, मांस आणि चीज तिन्ही येत नसतील तर तो बर्गर कशाला म्हणायचा? जे लक्षात राहिले त्यांत वरचा पसारा कमी आणि भाजणं नेमकं. मग हे घरी का होऊ नये, म्हणून हा तवा आणला. कंपनीचं नाव देत नाही, कारण या किमतीतलं बीड थोड्याफार फरकाने सगळं सारखंच.

वजन साधारण साडेतीन किलो. एका हाताने उचलून धुवायला गेलात की मनगट तक्रार करतं. मुठीला कपड्याशिवाय हात लावायचा नाही. आणि तापायला वेळ लागतो. बिडात उष्णता हळू पसरते; माझ्या काचेच्या इलेक्ट्रिक शेगडीवर तर मध्यभाग कडकडीत आणि कडा कोमट असा प्रकार होतो. मध्यम आचेवर दहा मिनिटं धीर धरावाच लागतो. पण एकदा तापला की गार मांस टाकलं तरी तो दबत नाही, आणि पैसे त्याचेच आहेत.

मांस बीफचं, खांद्याचं, इथे ज्याला चक म्हणतात ते, वीस टक्के चरबीचं. तब्येतीचा विचार करून ‘लीन’, म्हणजे कमी चरबीचं, घेतलंत तर कोरडं ठक्क खावं लागेल. साठेक ग्रॅमचे गोळे करायचे, मळायचे नाहीत, आत मीठ घालायचं नाही. मीठ आधी कालवलं की मांसातली प्रथिनं सुटून एकमेकांना धरतात आणि पोत सॉसेजसारखा चिवट होतो. गोळा तव्यावर टाकला की वर बेकिंग पेपरचा तुकडा ठेवून पहिल्या अर्ध्या मिनिटातच जड भांड्याने दाबून चपटा करायचा. तेव्हा चरबी वितळलेली नसते, त्यामुळे रस जात नाही. नंतर दाबलं तर सगळा तव्यात. मग वरून मीठ, मिरपूड, आणि हात मागे बांधून उभं राहायचं. कडा जाळीदार होऊन तपकिरी पडल्या, वर रसाचे थेंब दिसले की उलटायचं. आपलं नेहमीचं लवचिक उलथनं इथे कामाचं नाही. ते वरच्यावर सरकतं आणि खरवड तव्यालाच राहते, आणि ती खरवड हाच तर बर्गर! मी हार्डवेअरच्या दुकानातून भिंतीचा रंग खरवडायची रुंद पट्टी आणली आणि फक्त यासाठी ठेवली. असा पातळ बर्गर आत गुलाबी ठेवायची गरज नसते, त्यामुळे खिम्यासाठी इथे सांगितलेलं ७१ अंश सेल्सिअस तापमानही सहज गाठलं जातं.

चीज साधं अमेरिकन. त्यात इमल्सिफायर क्षार, म्हणजे चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे क्षार, असतात म्हणून ते तेल न सोडता वितळतं. महागडं जुनं चेडर फुटतं. पाव मऊ, बटाट्याचा. नूअर्कच्या आयर्नबाउंड भागातल्या पोर्तुगीज बेकऱ्यांचे पाव एरवी मला फार प्रिय आहेत, पण त्यांचं कवच कडक, चावताना मांस मागून बाहेर येतं.

आमच्याकडे सध्या लाडका प्रकार ओक्लाहोमातल्या एल रिनो गावचा. तिथे शंभरेक वर्षांपूर्वी थोडं मांस जास्त पुरावं म्हणून त्यात भरपूर कांदा घालायला लागले. अगदी पातळ, जवळजवळ पारदर्शक चिरलेला मूठभर कांदा गोळ्यावर ठेवून सगळं एकत्र दाबायचं. उलटल्यावर कांदा चरबीत तळला जातो, अर्धा गोड, अर्धा करपलेला. कांदाभजीवर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

तोटे सांगतो. धूर होतो, भरपूर होतो. आमच्या भाड्याच्या घरातला एक्झॉस्ट हवा बाहेर टाकत नाही, गाळून परत स्वयंपाकघरातच सोडतो. अलार्म वाजणार हे धरूनच चाला. तव्याच्या कडा उंच असल्याने घावनासाठी उलथनं आडवं शिरत नाही. टोमॅटोचा रस्सा त्यात शिजवू नका, तेलाचा बसलेला थर निघतो. धुतल्यावर ओला ठेवला तर सकाळी गंज.

आई राहायला आली तेव्हा तिने तवा कौतुकाने हातात घेतला, मग विचारलं, “ह्यावर काय काय करतोस रे?” सांगितलं. “बरं. मग माझ्या घावनांना दुसरा आण.” आणला, बिनकाठाचा सपाट, आणि तो आता जास्त वापरात आहे.

बीफ खात नसाल तर मेंढीचा खिमा घ्या, त्यात चरबी पुरते. बकऱ्याचा फार कोरडा पडतो. चिकनचा करून पाहिला. चांगला झाला, पण ती खरवड काही धरली नाही.