बास्तियानिनी की दोसेना? बनावट रेनेसाँ शिल्पावर लिहायचं असेल तर

भाची कला-इतिहास शिकते. बनावट ठरलेल्या एखाद्या रेनेसाँ (युरोपातला पंधराव्या-सोळाव्या शतकाचा प्रबोधनकाळ) धाटणीच्या शिल्पावर तिला वीसेक पानं लिहायची आहेत, आणि दोन इटालियन शिल्पकारांच्या नावांपाशी घोडं अडलंय: जोव्हान्नी बास्तियानिनी आणि आल्चेओ दोसेना. दोघांचीही कामं जुनी म्हणून विकली गेली. "मामा, कुणाला घेऊ?" असं फोनवर विचारलं तेव्हा मी फटकन "दोसेना" म्हणालो. का, ते सांगायला मात्र पुढे दोन दिवस लागले.

बास्तियानिनीची गोष्ट ऐकायला जास्त रंगतदार आहे, हे आधीच मान्य करतो. 1830 साली फ्लॉरेन्सशेजारच्या फिएझोले गावाजवळ जन्मलेला हा मुलगा पोरवयात दगडखाणीत राबला. पुढे फ्लॉरेन्समधला फ्रेप्पा नावाचा जुन्या वस्तूंचा व्यापारी त्याच्याकडून कामं करून घेऊ लागला. त्यातलंच एक म्हणजे जिरोलामो बेनिव्हिएनी या पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या धार्मिक कवीचा टेराकोटातला, म्हणजे भाजलेल्या मातीचा, अर्धपुतळा. चेहऱ्यासाठी समोर बसवला होता तंबाखूच्या कारखान्यातला एक कामगार. फ्रेप्पाने मोजले 350 फ्रँक. हातोहाती फिरत तो पुतळा पॅरिसच्या लिलावात गेला आणि 1866 मध्ये तिथल्या लूव्हर संग्रहालयाने तेरा हजारांवर फ्रँक देऊन घेतला.

बिंग फोडलं कुणी? खुद्द फ्रेप्पाने, 1867 च्या डिसेंबरात. चढ्या भावाने विकला गेला तर आणखी हजार फ्रँक देईन, असा त्याला पुतळा घेणाऱ्याकडून शब्द मिळाला होता आणि ते पैसे काही आले नाहीत. मग पत्रं, प्रतिपत्रं, वर्तमानपत्रं. पॅरिसचा एक शिल्पकार छातीठोकपणे सांगू लागला की ही माती, हे काम आजच्या माणसाच्या हातचं असूच शकत नाही. असा जोडीचा पुतळा करून दाखवणाऱ्याला पंधरा हजार फ्रँक, अशी पैजही संग्रहालयाच्या प्रमुखाने लावली. बास्तियानिनी 1868 च्या जूनमध्ये गेला, वयाच्या अवघ्या 37 व्या वर्षी.

अडचण ही की या प्रकरणातला सगळा पुरावा पुतळ्याच्या बाहेर आहे. कोण काय म्हणालं, कुणी कुणाचे पैसे बुडवले, यावर पानं भरतील. पण पुतळ्यासमोर उभं राहिल्यावर बोट कशावर ठेवायचं? ज्याला फ्रेंच-इटालियन येतं आणि भांडणं वाचायला आवडतात, त्याने खुशाल बास्तियानिनी घ्यावा. विषय काटेकोर धार्मिकच हवा असेल तर बास्तियानिनीने केलेला सव्होनारोला या पंधराव्या शतकातल्या साधूचा अर्धपुतळाही आहे. फ्लॉरेन्सच्या ज्या सान मार्को मठात तो साधू राहत असे, तिथेच आता हा पुतळा ठेवलाय. गंमतच आहे.

दोसेना (1878 ते 1937) क्रेमोनाचा. दगडकामात मुरलेला, पुढे रोमला आला. त्याचा माल खपवणारे दोघे, फासोली आणि पाल्लेसी. मडोना (येशूची आई मेरी), देवदूत, ग्रीक देवता, याला वर्ज्य काहीच नव्हतं. आपण कधीच कशाची नक्कल केली नाही, जुन्यांच्या पद्धतीने नवं घडवलं, असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. 1928 मध्ये व्यापाऱ्यांशी पैशावरून फाटलं आणि त्याने स्वतःच सगळं बाहेर काढलं. हातात छिन्नी घेऊन काम करताना त्याचं चित्रीकरणही झालेलं आहे. बास्तियानिनीच्या बाबतीत अशी सोय कुठून असणार!

आता मुद्द्याचं. बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सने 1924 मध्ये मारिया कातेरिना सावेल्ली या बाईचं संगमरवरी थडगं एक लाख डॉलरना घेतलं, मिनो दा फिएझोले या पंधराव्या शतकातल्या शिल्पकाराचं काम म्हणून. थडग्यावर लॅटिन लेख आहे आणि त्यात "प्रेफाता" असा शब्द येतो. म्हणजे "वर उल्लेखिलेली". आपल्या कचेरीच्या मराठीत सांगायचं तर "सदरहू मारिया कातेरिना सावेल्ली मयत झाली". सदरहू? वर तर काहीच लिहिलेलं नाही! कुठल्या तरी दस्तऐवजातलं वाक्य मध्येच तोडून दगडावर चढवलेलं दिसतं. त्यात साल कोरलंय 1430. मिनोचा जन्म साधारण 1429 चा. वर्षाच्या बाळाने थडगं घडवलं म्हणायचं आणि गप्प बसायचं.

हे दोन्ही पुरावे दगडातच आहेत. कुणाच्या कबुलीची गरज नाही. शिवाय खरा प्रश्न इथूनच सुरू होतो: जो लेख विकत घेण्याआधी कुणालाही वाचता आला असता, तो वाचूनही कुणाला खटकला कसा नाही? वीस पानं या एका प्रश्नावर निघतात.

दोसेनाचीच आणखी दोन कामं भाचीच्या यादीत होती. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या संग्रहालयाची लाकडी मडोना तेराव्या शतकाची समजून घेतली होती. 1927 मध्ये क्ष-किरणांनी आत आधुनिक खिळे दाखवले आणि विषय संपला; पाच पानांच्या वर जाणार नाही. दुसरी हेलन क्ले फ्रिक या अमेरिकन संग्राहक बाईने चौदाव्या शतकातल्या सिमोने मार्तिनीची म्हणून घेतलेली संगमरवरी जोडमूर्ती, मेरीला शुभवार्ता देणारा देवदूत आणि मेरी. हा मार्तिनी मुळात चित्रकार! मोह होईल असं प्रकरण आहे, पण ती शैली रेनेसाँच्या आधीची, तेव्हा शिक्षक अडवतील.

भाचीला लॅटिन येत नाही, ही तिची तक्रार. लेखाचा अर्थ कुणाकडूनही लावून घेता येईल. मी तिला एवढंच बजावलंय की बॉस्टनचं तिकीट काढण्याआधी संग्रहालयाला मेल टाक आणि थडगं मांडलेलं आहे की कोठारात, ते विचारून घे.