संक्षिप्त नको, पूर्णच घ्या: ट्रेझर आयलंड, नेमो आणि एमिल मोठ्याने वाचल्यानंतरचा अनुभव

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून आमच्याकडे रात्री जेवणं आटपली की मोठ्याने वाचन असतं. लेक पाचवीत, धाकटा दुसरीत, आणि पुस्तकं सगळी जुनी साहसकथांची. स्टीव्हन्सनचं ट्रेझर आयलंड, ज्यूल व्हर्नची पाणबुडीच्या कॅप्टन नेमोवाली दोन (ट्वेंटी थाउजंड लीग्स अंडर द सी आणि द मिस्टीरियस आयलंड), केस्टनरचं एमिल अँड द डिटेक्टिव्ह्ज, आणि आता रॅन्समचं स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स निम्म्यावर आलंय. सगळं इंग्रजीतून, अडलं की तिथल्या तिथे मराठीत सांगायचं. ओळखीतले बरेच जण विचारतात की कुठली आवृत्ती घेऊ, ती मुलांसाठीची छोटी रंगीत चित्रांची चालेल का, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. माझं उत्तर एकच आहे, पूर्ण पुस्तक घ्या. छोट्या आवृत्तीत जे कापतात ना, मुलं नेमकी तेच धरून बसतात.

ट्रेझर आयलंडमधला सफरचंदाच्या पिंपाचा प्रसंगच घ्या. खजिना शोधायला निघालेल्या जहाजावरचा पोरगा जिम सफरचंद घ्यायला जातो, तळाला जेमतेम उरलेली असतात म्हणून सरळ पिंपात उतरतो, अंधार, पाण्याचा आवाज, जहाजाचं डुलणं, पोराला डुलकी लागायला येते आणि कुणीतरी भारी माणूस पिंपाला पाठ टेकून धपकन बसतो. तो असतो सिल्व्हर, एका पायाचा स्वयंपाकी, जो जिमला फार आवडतो. बंडाचा कट कळतो तो इथे. घरात एक साठेक पानांची संक्षिप्त आवृत्ती भेट आलेली होती, तिच्यात हे सगळं दोन ओळीत आहे, जिमने कट ऐकला आणि तो घाबरला, बस. मूळ पुस्तकात सिल्व्हर एका तरुण खलाशाला पटवताना अगदी तेच गोड शब्द वापरतो जे त्याने जिमला वापरलेले असतात, आणि जिमला कटाची भीती वाटायच्या आधी त्याचा संताप येतो. हे वाचलं आणि लेक एकदम म्हणाली, आई म्हणजे तो सगळ्यांनाच असं म्हणतो? त्यानंतर सिल्व्हर त्याच खलाशाला सांगतो की ऊठ, मला पिंपातून एक सफरचंद काढून दे. त्या रात्री तिथे थांबणं शक्यच नव्हतं, धाकट्याने पुस्तक मिटूच दिलं नाही.

या पुस्तकाची जन्मकथा कळली की असले बारकावे कुठून आले ते समजतं. १८८१ चा उन्हाळा, स्कॉटलंडमधलं ब्रेमार, बाहेर सतत पाऊस, घरात स्टीव्हन्सनचा सावत्र मुलगा लॉइड चित्रं रंगवत बसलेला, आणि दोघांच्या त्या खेळात एका बेटाचा नकाशा तयार झाला. आधी नकाशा, मग गोष्ट. रोज एक प्रकरण लिहायचं आणि घरच्यांना वाचून दाखवायचं. स्टीव्हन्सनचे वडील दीपगृहं बांधणारे इंजिनिअर, तेही त्यात असे रमले की बिली बोन्स या जुन्या चाच्याच्या पेटीत काय काय सापडतं याची यादी करायला त्यांनी दिवसाचा मोठा भाग घालवला. त्या पेटीत पिस्तुलं आहेत, चांदीची लगड आहे, आणि वेस्ट इंडिजचे पाच-सहा शिंपले आहेत. पळून पळून जगणाऱ्या त्या गुन्हेगाराने शिंपले कशाला जवळ बाळगले असतील असा विचार जिमच्या मनात पुढेही येत राहतो. छोट्या आवृत्तीत पेटी आहे, शिंपले नाहीत. बेटावर तीन वर्षं एकटा अडकलेला बेन गन आहे पण तो चीज मागत नाही! अहो त्या चीजच्या तुकड्यासाठी जीव टाकतो म्हणून तर तो माणूस खरा वाटतो.

म्हणजे हे पुस्तक मुळात मोठ्याने वाचण्यातूनच तयार झालेलं आहे, आणि वाचताना ते जाणवतं. प्रकरणं छोटी, एकूण चौतीस, जवळपास प्रत्येकाच्या शेवटी काहीतरी लटकत ठेवलेलं. आधी यंग फोक्स नावाच्या साप्ताहिकात टोपणनावाने आलं आणि १८८३ मध्ये पुस्तक झालं. त्रास आहे तो खलाशांच्या भाषेचा, पहिल्या काही रात्री दर पानाला अडायला झालं. शिडाची दोरी कुठली आणि डोलकाठी कुठली हे मी सोडून दिलं, मुलांचं काही अडलं नाही. बायका मात्र जवळजवळ नाहीतच, जिमची आई सोडली तर. लॉइडची तशी अटच होती म्हणे. लेकीने हे लगेच हेरलं आणि तिला ते अजिबात आवडलेलं नाही, तिचं बरोबरच आहे.

आता नेमो, आणि इथे आवृत्तीचा मुद्दा नुसत्या गंमतीचा राहत नाही. समुद्राखालच्या प्रवासाच्या पुस्तकात, १८७० च्या, नेमो कोण हे कळतच नाही. व्हर्नच्या मनात तो रशियाने चिरडलेला पोलिश सरदार होता, पण प्रकाशक हेट्झेलला रशियातला खप घालवायचा नव्हता, त्याने नको म्हटलं. मग १८७५ च्या मिस्टीरियस आयलंडमध्ये उलगडा होतो की नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र दक्कार, टिपूचा पुतण्या, १८५७ च्या उठावात लढलेला, वीस चकमकींत दहा वेळा जखमी झालेला, बायकामुलं गमावलेला. मी हे वाचत होते आणि घरात कुणी बोलत नव्हतं. एक फ्रेंच लेखक, हिंदुस्थानात कधी पाऊल न ठेवलेला, आपल्या सगळ्यात गाजलेल्या नायकाला सत्तावनचा योद्धा करतो, हे आपल्या मुलांना ठाऊक असायलाच हवं.

आणि हेच जुन्या इंग्रजी अनुवादात बिघडवलेलं आहे. किंग्स्टन यांच्या नावावरच्या त्या काळच्या अनुवादात नेमोचा इंग्रजांवरचा राग पुसून तो भाग सरकारच्या बाजूने वळवलाय. समुद्राखालच्या पुस्तकाचा मर्सियरचा अनुवाद, जो वर्षानुवर्षं सगळीकडे छापला गेला, त्यात तर मूळचा साधारण चौथा हिस्साच गायब आहे. स्वस्तातल्या पुष्कळ पेपरबॅकमध्ये आजही हेच जुने अनुवाद असतात, वर अनुवादकाचं नावसुद्धा नसतं, त्यामुळे आधी आतलं पान बघा. नाव नसेल तर ठेवून द्या. मिस्टीरियस आयलंडचे जॉर्डन स्टंप आणि सिडनी क्रॅविट्झ यांचे दोन पूर्ण अनुवाद २००१ मध्ये आले, त्यातला कुठलाही चालेल. समुद्राखालच्या पुस्तकासाठी विल्यम बुचर, किंवा एफ. पी. वॉल्टरचा बघा, तो प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या साइटवर फुकट आहे, फक्त मर्सियरचाही तिथेच आहे तेव्हा डाउनलोड करताना नीट बघून. माशांच्या जातींच्या याद्या लांबच लांब आहेत हे सांगून ठेवते. धाकटा तिथे झोपतो, लेक मात्र नावं वहीत उतरवते.

कुणी म्हणेल मग भा. रा. भागवतांची रूपांतरं? त्यांनीही व्हर्न आटोपशीरच केला की. पण ती गोष्ट वेगळी आहे असं मला मनापासून वाटतं. कापाकापी करणारा संपादक गोष्टीतून वजा करत जातो, भागवत ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून मराठीत सांगतात, स्वतःच्या लयीत, स्वतःचे बारकावे घालून. ज्या माणसाने फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलसकट उभा केला त्याच्या हातात व्हर्न सुरक्षित होता. ती मिळाली तर जरूर घ्या, पूर्ण अनुवादाच्या जागी नव्हे, त्याच्या बरोबर.

धाकट्याचं आवडतं मात्र एमिल. १९२९ चं बर्लिन, गरीब विधवा आई घरी बायकांचे केस धुऊन पैसे साठवते, एकशे चाळीस मार्क (तिथलं चलन) मुलाबरोबर बर्लिनला आजीकडे पाठवते, तो नोटा कोटाच्या आत टाचणीने टोचून ठेवतो आणि तरी ट्रेनमध्ये चोरी होते. शेवटी बँकेत नोटा त्याच्याच हे सिद्ध होतं ते टाचणीच्या भोकांवरून. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे वीसच्या नोटेला टाचणी टोचून, उजेडात धरून खात्री करून घेण्यात आली. आणि त्यातला तो छोटा डीन्सटाग, ज्याला पोरांच्या टोळीने फोनजवळ बसवून ठेवलेलं असतं, पाठलागाची सगळी मजा हुकते पण तो जागा सोडत नाही आणि शेवटी आजी त्याचं कौतुक करते, ते पान धाकट्याने परत परत वाचायला लावलं. केस्टनरची पुस्तकं १९३३ मध्ये नाझींनी बर्लिनमध्ये जाळली तेव्हा तो स्वतः गर्दीत उभा राहून बघत होता. एमिल इतकं लोकप्रिय होतं की त्याला तेव्हा हात लावला नाही. हे मुलांना सांगावं की नाही यावर मी विचार केला आणि सांगितलं. पुस्तकं का जाळतात, या प्रश्नावर दोन रात्री गेल्या.

रॅन्सम सगळ्यात संथ आहे. इंग्लंडमधलं तळं, चार भावंडं, एक शिडाची होडी, आणि वारा समोरून आहे म्हणून शेतातून नागमोडी पळत येणारा सात वर्षांचा रॉजर, कारण तो त्या क्षणी जहाज आहे. पहिली काही प्रकरणं नुसती तयारी, तंबू, डबे, किटली. आमच्याकडे कुरकुर झाली, मग होडी पाण्यात गेल्यावर थांबली. लेकीला तर नॅन्सी ब्लॅकेट भेटली, दुसऱ्या होडीची कॅप्टन मुलगी, ट्रेझर आयलंडची सगळी भरपाई झाली.

सुरुवात करायची तर क्रम असा ठेवा: आधी एमिल, ते लहान आणि सोपं आहे, मग ट्रेझर आयलंड, व्हर्न त्यानंतर, आणि रॅन्सम मोठ्या सुट्टीत. रॅन्समच्या या मालिकेत एकूण बारा पुस्तकं आहेत, सगळी एकदम मागवू नका, पहिलं पचतंय का बघा. फाँट मात्र दुकानात उघडून बघूनच घ्या, रात्री पिवळ्या दिव्यात बारीक अक्षर वाचवत नाही.